विश्लेषण : बिटकॉइन दुप्पट करून देणारे नेमके फसवतात कसे?

१५ जुलै २०२० रोजी बराक ओबामा, जो बायडेन, बिल गेट्स, इलॉन मस्क यांच्या ट्विटर खात्यांवर थोड्याफार फरकाने एकच मजकूर झळकला. या पत्त्यावर एक हजार डॉलरचे बिटकॉइन पाठवा, दोन हजारांचे परत करतो! खाती खरी होती, निळी खूणही खरी. आत शिरलेले मात्र भामटे होते. काही तासांत त्यांनी एक लाख डॉलरहून अधिक रक्कम उकळली. मुख्य सूत्रधार अवघ्या १७ वर्षांचा निघाला.

म्हणजे ‘खाते अधिकृत आहे का, एवढे पाहा’ हा नेहमीचा सल्ला इथे अपुरा पडतो.

भारतात असे घडले आहे का?

होय. १२ डिसेंबर २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या खात्यावरून, सरकारने ५०० बिटकॉइन खरेदी केले असून ते नागरिकांना वाटणार, असे ट्वीट झाले. सोबत लिंकही होती. २० सप्टेंबर २०२४ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाच्या यूट्यूब चॅनेलवरच कूटचलनाच्या चित्रफिती दिसू लागल्या.

सापळा कसा असतो?

एखाद्या उद्योगपतीची जुनी मुलाखत ‘लाइव्ह’ म्हणून दाखवली जाते. आता डीपफेकमुळे त्याच्या तोंडी हवे ते घालता येते. कोपऱ्यात क्यूआर कोड, उलटे धावणारे घड्याळ आणि खाली ‘मला मिळाले’ अशा प्रतिक्रिया असतात. मग कळीची अट येते : तुमचा पत्ता पडताळण्यासाठी आधी थोडे कॉइन पाठवा. ही शुद्ध थाप आहे. कोणालाही बिटकॉइन पाठवायला त्याच्या वॉलेटचा पत्ता पुरतो, त्याच्याकडून आधी काही घ्यावे लागत नाही. पैशांचा पाऊस पाडणारे भोंदूही आधी पूजेचा खर्च मागतात, तसलाच हा प्रकार. वॉलेटचे १२ किंवा २४ गुप्त शब्द मागितले, तर सगळेच जाते.

पैसे गेले तर?

बिटकॉइनचा व्यवहार एकदा नोंदला गेला की उलटवता येत नाही, आणि तो थांबवायला मध्ये बँकही नसते. तरीही १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा. पैसे बँक किंवा यूपीआयमधून गेले असतील, तर ते वाटेत गोठवले जाण्याची शक्यता असते. स्क्रीनशॉट, वॉलेटचा पत्ता आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा. आणि ‘बुडालेले कॉइन शुल्क घेऊन परत मिळवून देतो’ असा संदेश आला, तर उत्तर देऊ नका. एकदा फसलेल्यांनाच पुन्हा गाठणारी ही दुसरी टोळी असते, अनेकदा तर तीच.