हौस दोन दिवसांची, कासव तीस वर्षांचे

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि घरात पाळलेल्या परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २०२४ साली. मधल्या बावन्न वर्षांत सरपटणारे आणि उभयचर प्राणी पाळण्याच्या शहरी हौसेने बरीच वळणे घेतली. आधी स्टार कासव होते, मग लाल कानाचे परदेशी कासव आले, त्यामागून इग्वाना, बॉल पायथन आणि ठिपक्यांच्या परदेशी पाली, आणि अलीकडे अॅक्सोलोटल हा सदा हसल्यासारखा दिसणारा जलचर. या काळातली सगळी चर्चा प्राणी देशी की परदेशी, व्यवहार कायदेशीर की चोरटा, याच प्रश्नांभोवती फिरत राहिली. प्रत्यक्षात त्या प्राण्यांचे काय झाले हे मात्र त्यांच्या जगण्याच्या गतीने ठरवले. हे प्राणी सावकाश वाढतात, कमी खातात, उशिरा आजार दाखवतात आणि फार वर्षे जगतात. या संथपणामुळेच ते ‘सांभाळायला सोपे’ म्हणून विकले गेले, आणि या संथपणामुळेच त्यांना सांभाळणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर गेले. गेल्या अर्धशतकाचा मागोवा घेताना ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते.

सुरुवात स्टार कासवापासून करावी लागते. देवळाच्या सभामंडपात दगडी कासवाला हात लावून पुढे जाणाऱ्या समाजात कासवाविषयी मुळातच आपलेपणा आहे. घरात कासव असले की बरकत येते या समजुतीला पुढे वास्तुशास्त्र आणि फेंगशुईची जोड मिळाली. पाठीवर चांदण्या उमटलेले हे देखणे कासव गुजरात-राजस्थानच्या कोरड्या माळांवर, दक्षिणेत आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूच्या झुडपी रानांत आणि श्रीलंकेत राहते. कायद्याने त्याला पकडणे व बाळगणे हा गुन्हा ठरवला. आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात ते १९७५ पासून होते. तरीही २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने, भारतातल्या एकाच व्यापारकेंद्रातून एका वर्षात किमान ५५ हजार कासवे उचलली गेल्याचा अंदाज मांडला. २०१९ मध्ये त्याला पहिल्या परिशिष्टात घालून व्यापारी देवाणघेवाण बंद करावी लागली. वयात यायलाच अनेक वर्षे लावणारा आणि मोजकी अंडी घालणारा प्राणी असा उपसा भरून काढू शकत नाही. घरात पोचलेल्या कासवांचीही अवस्था बरी नसते. कोरड्या गवताळ माळावर चरणारा हा जीव गुळगुळीत फरशीवर, टोमॅटो आणि भातावर दिवस काढतो. पाठीचे कवच उंचसखल होते, पाय फाकतात; पण ते मरत नाही. अनेक वर्षे मरत नाही, म्हणून घरच्यांना वाटत राहते की कासव मजेत आहे.

देशी कासव बेकायदा ठरल्याने दुकानांत जी जागा रिकामी झाली, ती परदेशी कासवाने भरली. रेड इअर्ड स्लायडर हे मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातले. त्याची पिल्ले रुपयाच्या नाण्याहून थोडीच मोठी, हिरवीगार आणि स्वस्त. खुद्द अमेरिकेत त्यांच्यामुळे मुलांमध्ये साल्मोनेलाचा संसर्ग इतका पसरला, की १९७५ साली तिथल्या सरकारने चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवे पाळण्यासाठी विकण्यास बंदी घातली. निर्यात मात्र चालू राहिली. १९८९ ते १९९७ या काळात अमेरिकेतून पाच कोटींहून अधिक स्लायडर जगभर गेले. युरोपीय समुदायाने १९९७ मध्ये त्यांची आयात थांबवली. आज जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्यांचे नाव आहे. यामागचे गणित सोपे आहे. नाण्याएवढे पिल्लू काही वर्षांत जेवणाच्या ताटलीएवढे होते, त्याचे पाणी सतत घाण होते, आणि नीट सांभाळले तर ते तीस वर्षेही जगते. ज्या मुलासाठी ते आणले, ते मूल शिकून नोकरीला लागेपर्यंत टाकी घरातच असते. मग एखाद्या रविवारी ते देवळाच्या तळ्यात, तलावात किंवा कालव्यात सोडले जाते आणि सोडणाऱ्याला पुण्य केल्याचे समाधान मिळते. तिथे ते देशी कासवांशी उन्हाच्या जागेसाठी आणि अन्नासाठी झगडते. केरळमध्ये ते कालव्यांत सापडू लागल्यावर वन संशोधन संस्थेला लोकांकडची कासवे गोळा करण्याची मोहीम हाती घ्यावी लागली.

पुढची लाट सरड्यांची आणि अजगरांची. या प्राण्यांची देखभाल म्हणजे आधी हवामानाची देखभाल, कारण त्यांचे शरीर स्वतः पुरेशी उष्णता निर्माण करत नाही. पिंजऱ्याची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड ठेवली, तरच इग्वाना पचनासाठी ऊब आणि विसाव्यासाठी गारवा निवडू शकतो. हाडांत कॅल्शियम मुरण्यासाठी दिवसा बाहेर पडणाऱ्या सरड्यांना अतिनील किरणे लागतात. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात ती जवळजवळ उरत नाहीत, म्हणून खिडकीशी ठेवलेला पिंजरा उजळ दिसला तरी उपयोगाचा नसतो. या चुका लगेच दिसत नाहीत. मंद चयापचयामुळे उपाशी साप कित्येक महिने तग धरतो, आणि सरड्याची हाडे मऊ होत गेल्याचे जबडा वाकल्यावरच लक्षात येते. तोवर दाखवायला डॉक्टर शोधावा, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचे उपचार जाणणारे पशुवैद्य मोठ्या शहरांतही मोजकेच आहेत. आयुर्मानाचा हिशेब इथेही तोच. हातात मावणारा इग्वाना दीड मीटरचा होतो. अमेरिकेत सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथनने २०२० साली, साठी ओलांडलेली असताना, अंडी घातली. बँकॉकहून मुंबई विमानतळावर बिस्किटांच्या पाकिटांत दडवून आणलेले असेच साप पकडले जातात, तेव्हा बातमी तस्करीची होते. पण पकडले न गेलेले साप पुढची दोन-तीन दशके कुठे काढणार, हा प्रश्न तिच्यात नसतो.

उभयचरांच्या बाबतीत हीच कथा अधिक गंभीर होते, कारण हौसेची किंमत तिथे केवळ पाळलेल्या प्राण्याने चुकवलेली नाही. आफ्रिकेतला नखवाला बेडूक गर्भधारणेच्या चाचणीसाठी उपयोगी पडतो हे प्राणिशास्त्रज्ञ लान्सलॉट हॉगबेन यांच्या १९३०च्या सुमाराच्या कामातून पुढे आले आणि ते बेडूक हजारोंनी जगभर पाठवले गेले. चाचणी कालबाह्य झाली, बेडूक मात्र टाक्यांत आणि ओढ्यांत उरले. त्याच विसाव्या शतकात काइट्रिड बुरशीने बेडकांची त्वचा निकामी करायला सुरुवात केली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तिचे मूळ पूर्व आशियात दाखवले आणि उभयचरांच्या व्यापाराकडे तिच्या प्रसाराचे कारण म्हणून बोट दाखवले. पुढच्याच वर्षीच्या आढाव्यात या रोगामुळे पाचशेहून अधिक जाती घटल्याचे आणि त्यांतल्या ९० नामशेष झाल्याचे अनुमान आले. सॅलमँडरांना मारणारी दुसरी बुरशी २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या मेलेल्या प्राण्यांवर ओळखली गेली. तीही आशियातून पाळण्यासाठी आलेल्या सॅलमँडरांबरोबर युरोपात शिरली असे संशोधक मानतात. त्यानंतर अमेरिकेने २०१६ मध्ये दोनशेहून अधिक जातींची आयात रोखली. प्राणी निरोगी दिसतो, रोगजंतू अंगावर बाळगून महिनोन्‌महिने जगतो आणि टाकीतले पाणी गटारात ओतले जाते, एवढ्यावर हे घडू शकते.

या मांडणीवर हौशी पाळणाऱ्यांचा आक्षेप असा, की या प्राण्यांबद्दलचे बरेचसे ज्ञान त्यांनीच मिळवले आणि बंदिस्त पैदाशीमुळे जंगलावरचा ताण कमी झाला. पहिला भाग खरा आहे. तापमान, आर्द्रता, अंडी उबवण्याच्या पद्धती यांची बारीक माहिती अनेकदा हौशी लोकांच्या वह्यांतूनच आली. न्यू कॅलेडोनियातली कलगीवाली पाल नामशेष झाली असे मानले जात होते. ती १९९४ मध्ये पुन्हा सापडली आणि आज जगभरच्या घरांत असलेल्या या पाली बंदिस्त पैदाशीच्या आहेत. पण हे ज्ञान त्या मोजक्या लोकांचे आहे, जे एकेका जातीपाशी वीस-वीस वर्षे बसले. त्यांच्या चिकाटीवरून बाजाराची बाजू मांडता येत नाही. दुसरा भाग तर अॅक्सोलोटलच्या उदाहरणावरच अडतो. १८६४ साली मेक्सिकोहून पॅरिसला चौतीस अॅक्सोलोटल नेले गेले आणि तिथून बंदिस्त पैदाशीची परंपरा सुरू झाली. आज प्रयोगशाळांत आणि घरांत ते अमाप आहेत. त्यांचे एकमेव घर मात्र मेक्सिको सिटीतले सोचिमिल्कोचे कालवे. तिथे १९९८ मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे सहा हजार अॅक्सोलोटल मोजले गेले होते; २०१४ पर्यंत ही संख्या ३६ वर आली. पैदास वाढली म्हणून पाणी स्वच्छ झाले नाही. आणि अठरा-वीस अंशांवर सुखाने राहणारा हा प्राणी विदर्भाच्या मे महिन्यात पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय जगवायचा कसा, याचे उत्तर विक्रेता देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. कुत्री-मांजरेही टाकून दिली जातातच, मग या प्राण्यांनाच वेगळा न्याय का? आणि मुलांनी साप-पालींची भीती टाकून त्यांच्यावर प्रेम करायला शिकू नये का? कुत्र्याची उपेक्षा होते हे खरे, पण कुत्रा भुकेला असेल तर ओरडतो, लंगडत असेल तर दिसतो, आणि त्याचा डॉक्टर गल्लीच्या टोकाला मिळतो. हजारो वर्षे माणसाबरोबर राहून त्याने आपले दुःख आपल्याला समजेल अशा रीतीने सांगायचे साधले आहे. कासवाला ते साधलेले नाही. दुर्लक्ष आणि परिणाम यांच्यामध्ये जिथे अनेक वर्षे जातात, तिथे दया वेळेवर जागी होत नाही. भीती जाण्याचा मुद्दा खरा आहे, पण त्यासाठी प्राणी घरात असावा लागतो याला पुरावा नाही. ज्या वर्षी कायदा आला त्याच १९७२ मध्ये सर्पतज्ज्ञ रॉम्युलस व्हिटेकर यांचे सर्पोद्यान मद्रासच्या गिंडीत उभे राहिले, आणि १९७६ मध्ये त्यांनी मगरींच्या पैदाशीचे केंद्र सुरू केले. सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढले आणि १९८६ मध्ये पुण्यात कात्रजचे सर्पोद्यान सुरू झाले. महाराष्ट्रात दिसलेला साप मारण्याऐवजी सर्पमित्राला फोन करण्याची सवय गावोगाव रुजली, तिच्यामागे हे सार्वजनिक काम आहे. या चळवळीतही हुल्लडबाजी शिरली, गळ्यात नाग घालून फोटो काढणारे निपजले. तरी सापाला त्याच्या जागी परत सोडायचे हा तिचा पाया आहे. मालकी नसतानाही कौतुक वाढू शकते, याचा हा अर्धशतकाचा दाखला आहे.

मग सगळ्यावर बंदी घालावी का? बंदीचा अनुभव स्टार कासवाने दिला आहे: मागणी कायम राहिली की व्यापार भूमिगत होतो आणि त्याच मागणीला परदेशी पर्याय मिळतो. केंद्र सरकारने २०२० मध्ये परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांसाठी ऐच्छिक घोषणेची योजना आणली. ठरावीक मुदतीत प्राणी जाहीर करणाऱ्याकडे कागदपत्रे मागितली जाणार नव्हती, आणि हजारो प्राणी जाहीर झाले. २०२२ च्या कायदादुरुस्तीने सायटिसच्या यादीतले प्राणी भारतीय कायद्याच्या कक्षेत आणले आणि २०२४ च्या नियमांनी सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्यांची नोंदणी, हस्तांतर, जन्म आणि मृत्यू कळवणे बंधनकारक केले. जन्म आणि मृत्यू यांची नोंद मागणारा हा नियम प्राण्याचे आयुष्य मोजतो, म्हणून तो महत्त्वाचा आहे. पण त्याची यादी व्यापाराने धोक्यात येऊ शकणाऱ्या जातींची आहे, आणि सर्वाधिक टाकून दिला जाणारा स्लायडर त्या यादीत नाही. तो दुर्मीळ नाही. तो चिवट आहे, हाच त्याचा दोष. २०२२ च्या त्याच दुरुस्तीने परक्या उपद्रवी जातींची आयात आणि विक्री रोखण्याचा अधिकारही सरकारला दिलेला आहे. जपानने जून २०२३ पासून या कासवाची विक्री आणि मोकळ्यावर सोडणे बंद केले, मात्र घरात आधीपासून असलेली कासवे पाळायची मुभा ठेवली. नाहीतर भीतीपोटी ती सगळी एकदम तलावांत गेली असती.

भारताला इथून पुढे जाता येईल. स्लायडरची विक्री थांबवावी. घरातली कासवे आणून देणाऱ्याला दंड न करता ती स्वीकारणारी केंद्रे प्रत्येक मोठ्या शहरात असावीत आणि त्यांचा खर्च या प्राण्यांच्या व्यापारातून वसूल व्हावा. इतर जातींच्या बाबतीत विक्रेत्याने पूर्ण वाढलेल्या प्राण्याला लागणारी जागा, तापमान आणि अपेक्षित आयुर्मान लेखी द्यावे व ग्राहकाला नको झालेला प्राणी परत घेण्याची हमी घ्यावी. ही अट लागू झाली तर नाण्याएवढ्या पिल्लाची किंमत एकदम वाढेल आणि खप कमी होईल. तसे झाले तर त्यात कोणावर अन्याय नाही. आजवर ती किंमत कमी होती, कारण उरलेल्या तीस वर्षांचा खर्च कासव, तलाव आणि वनखाते भरत होते.