पेटीतली घोंगडी

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीला एक काकू नवा प्लास्टिकचा टब घेऊन आल्या. कितीला घेतला विचारलं, तर म्हणाल्या, "पैसे कायचे? घरात दोन जुन्या घोंगड्या व्हत्या, त्या भांडेवालीले देल्या. आता कोन पांघरते त्या!" घोंगड्या त्यांच्या सासूच्या लग्नातल्या होत्या.

मी काही बोलले नाही, कारण बोलायला तोंडच नव्हतं. आमच्या आजेसासूबाईंची काळी घोंगडी मी स्वतःच्या हातानं वाया घालवली आहे. वास येतो म्हणून गरम पाणी, पावडर आणि वॉशिंग मशीन, असा सगळा बेत केला. बाहेर काढली तेव्हा ती बाळाच्या दुपट्याएवढी झाली होती आणि पुठ्ठ्यासारखी कडक. आजेसासूबाई रागावल्या नाहीत. नुसत्या हात फिरवत बसल्या, आणि तेच जास्त लागलं.

असं का झालं, ते मला नंतर कळलं. लोकरीच्या तंतूवर माशासारखे बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणं एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. सोडा आणि कडक पावडरीनं तर लोकर कमजोरच होते.

ही घोंगडी बनायला काय काय लागतं ते ऐका. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर एका कातरणीला पाव किलोच्या आसपास निघते. म्हणजे 2 ते 3 किलोच्या एका घोंगडीत आठ ते बारा मेंढ्यांची लोकर असते. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ते सगळ्यात मऊ, म्हणून जावळाच्या घोंगडीचा मान मोठा. लोकर वेचायची, पिंजायची, चरख्यावर सूत काढायचं. मग चिंचोके शिजवून खळ करायची आणि मोठ्या कुंच्यानं ती ताण्याला लावायची. विणणारे सणगर आणि खुटेकर धनगर, खड्ड्यात पाय सोडून मागावर बसणारे. सूत मात्र घरातल्या बाया कातायच्या. सगळ्यात जास्त दिवस याच कामात जायचे आणि मजुरी कुणी मोजायचं नाही. विकताना घोंगडी विणकराची, कातणारीचं नाव कुठंच नाही.

अंथरायची तीच, पांघरायची तीच, आणि पावसात शेतात जाताना तिचीच खोळ करून डोक्यावरून घ्यायची. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पिते तरी अंगाला ओली लागत नाही, म्हणून मेंढपाळाचं सगळं बिऱ्हाड तिच्यावर निभावतं.

शहरातल्या हाती विणलेल्या जुन्या गालिच्यांचंही मूळ हेच, लोकर आणि बोटं. इंग्रजांच्या काळात पुण्याच्या येरवडा तुरुंगात कैद्यांकडून गालिचे विणून घेत. जगातला सगळ्यात जुना अखंड गालिचा 1949 साली सायबेरियात एका थडग्यात सापडला. तो जवळजवळ 2400 वर्षांचा आहे. थडग्यात पाणी शिरून त्याचा बर्फ झाला होता, म्हणून तो टिकला. म्हणजे लोकर आपसूक संपत नाही. तिला संपवतात ती ओल आणि कसर. (आणि आमच्यासारख्यांचं वॉशिंग मशीन.)

कसरीबद्दल आपल्या मनात एक चूक आहे. पेटी उघडल्यावर उडतो तो पिवळट चिलटासारखा पतंग लोकर खात नाही. तो अंधाऱ्या घडीत अंडी घालतो आणि खाते ती अळी. घाम, तेल, अन्नाचे डाग लागलेली लोकर तिला जास्त आवडते. म्हणून मळकी घोंगडी तशीच घडी करून पेटीत टाकणं म्हणजे कसरीला ताट वाढून ठेवणं. निंबाच्या पाल्याच्या वासानं पतंग थोडा दूर राहतो, पण आत असलेली अळी त्यानं मरत नाही. तिला मारतं ते ऊन. उन्हाळ्यात पत्र्यावर दुपारचे तीन-चार तास दोन्ही बाजू तापवा, मग काठीनं झटका आणि नरम ब्रशनं शिवणी, काठ नीट झाडा, कारण अंडी तिथंच असतात. पण दिवसेंदिवस उन्हात ठेवू नका, काळा रंग तांबूस पडतो. डांबर गोळ्या वापरल्या तर ती घोंगडी तान्ह्या बाळाजवळ नेऊ नका. त्या वासाचा बाळाला अपाय होऊ शकतो.

धुवायचीच वेळ आली तर थंड पाणी आणि रिठ्याचा फेस. दाबून दाबून धुवा. आपटायची नाही, पिळायचीही नाही. ओली घोंगडी फार जड होते आणि दोरीवर टाकली की स्वतःच्याच वजनानं ताणते. बाजेवर सपाट पसरा, सावलीत. ठेवताना दर वेळी त्याच घडीवर घडी नको, तिथंच ती फाटते. गुंडाळून सुती लुगड्यात ठेवलेली बरी.

बाजारात "अस्सल घोंगडी" म्हणून काही मिळतं, त्याचं एक सूत ओढून जाळून बघा. लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो, आणि राख बोटांत चुरली जाते. नकली धागा वितळून त्याचा कडक मणी होतो.

आता गटातल्या बायांचा नेहमीचा प्रश्न: ताई, आपण घोंगडीचा धंदा करावा काय? मी लगेच हो म्हणत नाही. आज बऱ्याच ठिकाणी लोकरीला कातरणीचा खर्चही निघेल एवढा भाव मिळत नाही. मेंढपाळ मांसासाठी माडग्याळसारख्या जातींकडे वळले, कारण पैसा त्यात आहे. कातणाऱ्या आज्या थकल्या. कर्ज काढून माग घ्यायच्या आधी गावात चरखा चालवणारी एक तरी बाई आहे का, हे बघा. असेल तर चार पोरींना तिच्याजवळ बसवा. कातणीची मजुरी पहिल्या दिवसापासून वहीत वेगळी लिहा. ती हिशोबात धरून भाव निघत नसेल, तर तो धंदा आपल्या फुकट कष्टावरच चाललेला असेल, मग ग्राहक कितीही कौतुक करो.

त्या काकूंनी मागच्या आठवड्यात भांडेवालीला वाटेत गाठलं. घोंगड्या पुढं विकल्या गेल्या होत्या. पण काकूंच्या माळ्यावर अजून एक निघाली आहे, कोपऱ्यात कसर लागलेली. पुढच्या बैठकीला त्या ती घेऊन येणार आहेत. आपापल्या पेट्या उघडून तुम्हीही आणा. ऊन चांगलं पडतंय.