जुन्या ग्रामोफोनमधील टणक रबर : काढण्याची रीत

हुबळी-धारवाड परिसर हिंदुस्तानी संगीतासाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर व हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या मराठी मुलखातही आवडीने ऐकल्या गेल्या. गंगूबाईंच्या 1930 नंतरच्या दशकातील काही तबकड्या 'गांधारी' या नावाने निघाल्या होत्या. अशा तबकड्या व चावीचे ग्रामोफोन काही घरांतून आजही जपलेले आढळतात. मात्र त्यांतून आवाज पुष्कळदा चिरका येतो. हा दोष अनेकदा ध्वनिपेटीतील रबराचा असतो.

ध्वनिपेटीत अभ्रकाची पातळ चकती दोन रबरी कड्यांमध्ये अलगद धरलेली असते. सुईची कंपने तिच्यापर्यंत पोचून आवाज निर्माण होतो. हवेतील प्राणवायू व उष्णता यांमुळे कालांतराने रबराचा लवचिकपणा नाहीसा होऊन ते टणक बनते. मग चकती मोकळेपणाने हालत नाही, आवाज खरखरतो व सुईचा ताण तबकडीच्या खाचांवर पडून त्या झिजतात. झिजलेली खाच पुन्हा भरून येत नाही.

दुरुस्तीच्या वेळी प्रथम सुई काढावी. चकतीच्या मध्यावरील मेण मऊ करून तेथील बारीक स्क्रू हलक्या हाताने सोडवावा. जोर केल्यास अभ्रक तडकते. चकती बाजूस ठेवून टणक रबर लाकडाच्या टोकदार काडीने तुकड्यातुकड्याने काढावे. चिकटून राहिलेला भाग केस वाळविण्याच्या यंत्राने कोमट केल्यास सुटण्यास मदत होते. लोखंडी हत्याराने धातूवर चरे पडतात. काही पेट्या जस्तमिश्रित ओतीव धातूच्या असून वयोमानाने ठिसूळ झालेल्या असतात. त्या पिळू नयेत. उरलेला डाग किंचित रॉकेल लावलेल्या फडक्याने पुसावा. जवळपास विस्तव नसावा. स्पिरिट तबकडीस लागू देऊ नये, कारण तबकडीतील लाख त्यात विरघळते.

नवी कडी मऊ, बारीक रबरी नळीची करावीत. त्यांची टोके एकमेकांस केवळ टेकावीत, एकावर एक चढू नयेत. पेटी व ध्वनिवाहक नळी यांच्या जोडावरील रबरही टणक झाले असल्यास बदलावे.

दुरुस्तीनंतर प्रथम साधी तबकडी लावून पाहावी व पोलादी सुई प्रत्येक बाजूस नवी घ्यावी. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गायन असते. परंतु ते गाणारा कंठ आता पुन्हा लाभणारा नाही. यास्तव, रबर बदलेपर्यंत जुनी तबकडी वाजविण्याचा मोह आवरावा, हेच हिताचे.