फिरत्या घराची उंची व वाट दाखविणारें यंत्र

वर्धा जिल्ह्यांतील वडनेर हें गांव नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर आहे. या रस्त्यास पूर्वीं सातव्या क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणत. 2010 सालच्या नव्या क्रमवारींत तो 44 क्रमांकाचा झाला. उत्तरेस हिंगणघाट व जाम, दक्षिणेस वर्धा नदी ओलांडली कीं वडकी व पांढरकवडा. अशा गांवीं राहणाऱ्या एखाद्या मोठ्या कुटुंबास मोटारीमागें जोडून न्यावयाचें फिरतें घर, ज्यास कारव्हान किंवा कँपर म्हणतात तें, घ्यावेंसें वाटलें तर त्यांत नवल नाहीं. आजोबांचें पथ्य, आजींचे गुडघे, लहानग्याचें दूध यांची सोय परक्या हॉटेलांत व्हावी तशी होत नाहीं. महाराष्ट्र शासनानेंहि 2021 सालीं कारव्हान-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें आहे.

घर ठरलें कीं वाट दाखविणारें यंत्र कोणतें घ्यावें, ही चर्चा सुरू होते. पडदा किती मोठा आणि आवाज मराठी आहे कीं नाहीं, एवढ्यावर ती बहुधा थांबते. आमच्या मतें पहिला प्रश्न निराळा आहे: मागें ओढावयाच्या घराची उंची या यंत्रास सांगतां येते काय?

हा प्रश्न कां, हें समजण्यास यंत्राची रीत थोडी जाणली पाहिजे. अमेरिकेचे जी.पी.एस. उपग्रह पृथ्वीपासून सुमारें 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. त्यांपैकीं निदान चार उपग्रहांचे संदेश एकाच वेळीं मिळाले म्हणजे यंत्र आपली जागा काढतें. भारताची स्वतःची ‘नाविक’ ही योजनाहि याच तत्त्वावर चालते. तिचा पहिला उपग्रह 1 जुलै 2013 रोजीं सोडला गेला. परंतु उपग्रह फक्त जागा सांगतात. वाट निघते ती यंत्रांत भरलेल्या नकाशांतून. आणि नकाशा करणाऱ्यानें जें टिपलें नाहीं तें यंत्रास स्वप्नांतहि दिसावयाचें नाहीं. साध्या मोटारीस हें उणें जाणवत नाहीं, कारण तिच्या टपाला कशाचीच अडचण होत नाहीं. दहा फूट उंचीचें घर मागें लागलें कीं तोच नकाशा अपुरा पडतो.

आमच्या भागांतील शेतकऱ्यास उंचीचें भय नवें नाहीं. हिंगणघाटच्या बाजारांत कापूस नेतांना ट्रॉलीवर तो किती उंच रचावा, याचा विचार वाटेवरच्या तारांकडे पाहूनच करावा लागतो. ती वाट मात्र त्याच्या रोजच्या पायाखालची. फिरतें घर घेऊन निघालेल्या कुटुंबास रोज नवी वाट असते, आणि तेथेंच धोका आहे.

अडचणीच्या जागा कोणत्या? महामार्गाच्या मुख्य वाटेवर त्या क्वचित् येतात. मोठ्या वाहनांसाठीं महामार्गाखालून जे रस्ते काढतात त्यांवर 5.5 मीटर मोकळी उंची ठेवण्याचा प्रघात आहे; तेवढ्यांतून कोणतेंहि फिरतें घर सहज जातें. परंतु पादचारी व गुरें यांच्यासाठीं ठेवलेली वाट 3 मीटरांचीच असूं शकते, आणि दुरून दोन्ही वाटा सारख्याच भासतात. विजेवर चालणाऱ्या लोहमार्गाच्या फाटकाशीं दोहों बाजूंस ज्या लोखंडी कमानी असतात, त्यांची उंची 4.67 मीटर, म्हणजे सुमारें 15 फूट 4 इंच ठेवतात. वरच्या तारेंत 25,000 व्होल्टांचा प्रवाह असल्यानें ती कमान म्हणजे शेवटचीच सूचना समजावी. खरी पंचाईत फाटक बंद करून खालून काढलेल्या वाटांची आहे. जानेवारी 2019 पर्यंत रेल्वेनें आपल्या ब्रॉडगेज मार्गांवरील बिनपहाऱ्याचीं सर्व फाटकें नाहींशीं केलीं, आणि पुष्कळ ठिकाणीं त्यांच्या जागीं भुयारी वाटा आल्या. या वाटांस सरकारी भाषेंत ‘मर्यादित उंचीचे भुयारी मार्ग’ म्हणतात. नांवांतच सारें आलें. पावसाळ्यांत त्यांत पाणी सांचतें तें वेगळेंच. याखेरीज गांवोगांवच्या प्रवेशकमानी, पेट्रोल पंपावरील छप्पर, घराघरांत रस्त्यावरून ओढलेल्या विजेच्या लोंबत्या तारा आणि बाभळीच्या आडव्या फांद्या आहेतच. यांपैकीं किती गोष्टी नकाशावर असतील याची कल्पना वाचकांनींच करावी.

सूचना लावली म्हणजे काम झालें, असेंहि नाहीं. अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील डरहॅम गांवीं एक रेल्वेपूल आहे. त्याखालची मोकळी उंची 11 फूट 8 इंच होती. पाट्या होत्या, लुकलुकणारे दिवे होते. 2016 सालीं तर उंच वाहन येतांच आपोआप तांबडा दिवा लागेल अशी योजना झाली. तरी भाड्यानें घेतलेल्या उंच मोटारी त्यावर आदळतच राहिल्या. 2019 सालीं पूल 8 इंच वर उचलला, तरीहि धडका पुरत्या थांबल्या नाहींत. चालविणारे आंधळे नव्हते. आपण आज रोजच्यापेक्षां उंच गाडींत बसलों आहों, एवढेंच ते विसरले होते.

म्हणून यंत्राआधीं फितीचा विषय. घराच्या छापील माहितीपत्रकांतील उंचींत छतावर मागाहून बसविलेलें वातानुकूलन, सौर तक्ते किंवा दूरदर्शनचा दांडा धरलेला नसतो. सपाट जमिनीवर, चाकांत हवा पुरी भरून व घर मोटारीस जोडून उभें करावें. नंतर सर्वांत उंच वस्तूवर सरळ फळी आडवी ठेवून तेथून जमिनीपर्यंत मोजावें. रिकामें घर भरल्या घरापेक्षां थोडें उंच उभें राहतें, तेव्हां मोजणी रिकाम्याचीच करावी आणि त्यांत सहा इंचांची भर घालावी. ही भर कंजूषपणानें कापूं नये. पुलाखालील रस्त्यावर डांबराचे नवे थर पडत जातात आणि पाटीवरचा आंकडा मात्र जुनाच राहतो. शिवाय पुलाखालचा रस्ता खोलगट असला तर लांब घराचीं चाकें चढावर असतांना त्याचें छत अपेक्षेपेक्षां वर राहतें. कमानीचा पूल असल्यास लिहिलेली उंची मध्यभागींच मिळते, कडेस नाहीं. आलेला आंकडा मीटरांत व फुटांत लिहून चालविणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चिकटवावा. पाट्या मीटरांत असतात व आपण बोलतों फुटांत. दहा फूट आणि तीन मीटर एकच समजणारा दोन इंच गमावून बसतो.

आतां यंत्र. गार्मिन व टॉमटॉम या कंपन्या फिरत्या घरांसाठीं खास यंत्रें काढतात. त्यांत उंची, रुंदी, लांबी व वजन भरतां येतें आणि वाट त्या मापानें निघते. परंतु त्यांची सारी किंमत नकाशांत आहे, व तो मुख्यतः युरोप-अमेरिकेचा असतो. परदेशीं असलेल्या मुलानें वा जांवयानें प्रेमानें असें यंत्र पाठविलें, तर येथील लहान पुलांच्या उंचीची त्यास माहिती आहे काय, हें प्रथम विचारावें. नसेल तर तो महागडा होकायंत्रच होय. आपल्या घरोघरीं वापरांत असलेल्या गूगल मॅप्समध्यें भारतासाठीं 2017 सालीं दुचाकीची निराळी सोय झाली, पण वाहनाची उंची भरावयाची जागा त्यांत नाहीं. मॅपल्स हा देशी नकाशा गांवांचीं नांवें व चौकांचीं चित्रें यांसाठीं उपयोगी पडतो. ओस्मँड नांवाच्या साधनांत मात्र मापें भरतां येतात, आणि एकदां नकाशा उतरवून घेतला कीं मोबाइलचें जाळें नसलेल्या जंगलांतहि तें चालतें. त्याचा आधार 2004 सालीं सुरू झालेला ओपन स्ट्रीट मॅप हा लोकांनीं मिळून केलेला नकाशा आहे. पुलाची उंची त्यांत टिपली असेल तर हें साधन तो पूल टाळतें. टिपली नसेल तर गप्प बसतें. आणि या गप्प बसण्याचा अर्थ ‘वाट मोकळी आहे’ असा कोणी करूं नये.

तेव्हां आम्ही सुचवूं तें असें. मापें घेणारें व जाळ्यावांचून चालणारें साधन मोठ्या पडद्याच्या उपकरणांत घ्यावें, आणि रहदारी कळण्यापुरता नेहमींचा नकाशा दुसऱ्या फोनवर ठेवावा. जवळची वाट सुचविण्याची यंत्राची हौस मात्र मोडून काढावी. वडनेरहून ताडोब्यास जावयाचें तर हिंगणघाटावरून जाम व तेथून वरोऱ्याचा मोठा रस्ता सरळ आहे. चार किलोमीटर वांचविण्यासाठीं यंत्र खेड्यांतून आडवाट काढील. ती घेऊं नये. प्रत्येक मुक्कामाचा टप्पा आपणच आदल्या रात्रीं नकाशावर ठरवावा, म्हणजे यंत्रास मधल्या मधें शहाणपण करण्यास वाव राहत नाहीं.

यंत्रावर डोळे मिटून विसंबल्याचा परिणाम आपल्याच महाराष्ट्रांत दिसला आहे. जानेवारी 2021 मध्यें कळसूबाईकडे निघालेली पुण्याची एक मोटार अकोले तालुक्यांत, धरणाच्या पाण्याखालीं गेलेल्या पुलावर रात्रीं शिरली. वाट फोनवरील नकाशानें दाखविली होती. दोघे पोहून वांचले, चालविणारा बुडाला. साध्या मोटारीस निदान थांबून मागें वळतां येतें. मागें घर जोडलेलें असलें कीं तेंहि कठीण. उलटें नेतांना सुकाणूं एकीकडे फिरवावें तर घर दुसरीकडे वळतें, आणि अरुंद वाटेवर तें साधण्यास हात बसलेला असावा लागतो.

म्हणून चालविणाऱ्याच्या शेजारीं घरांतील एक जाणतें माणूस केवळ वाट पाहण्यासाठीं बसवावें. सून असो, पुतण्या असो, नकाशा वाचतां आला म्हणजे झालें. पडद्यास हात त्यानेंच लावावा, पाट्या मोठ्यानें वाचाव्या, आणि शंका येतांच पुलाच्या अलीकडे गाडी थांबवून खालीं उतरून पाहावें. पाठीमागून कितीहि भोंगे वाजोत. मागच्या घरांत चालत्या वेळीं कोणीहि बसूं नये, झोंपलेलें मूलसुद्धां नाहीं. छत अडकलें तर पहिला घाव तेथेंच बसतो.

एक काम वडनेर-हिंगणघाटकडील तरुण मंडळींस घरबसल्यासारखें करतां येईल. आसपासच्या भुयारी वाटांवर रेल्वेनें लिहिलेले उंचीचे आंकडे पाहून ते लोकांच्या नकाशांत भरावे. त्यास पैसे पडत नाहींत, आणि पुढल्या उंच वाहनास, मग तें फिरतें घर असो कीं कापसाचा ट्रक, ते दिसूं लागतात. तारांच्या बाबतींत मात्र फीत अथवा काठी घेऊन कोणीहि पुढें जाऊं नये. मुक्कामाच्या गांवांतील वायरमनला विचारावें; कोणत्या गल्लींतली तार लोंबते, हें त्यास पाठ असतें.