लाल शाईच्या नोंदी

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला नातेवाईक दोनच कामांसाठी फोन करतात. एक, मुदत ठेवीचा व्याजदर विचारायला आणि दुसरे, कुठला तरी अर्ज भरून घ्यायला. त्यामुळे गेल्या श्रावणात सांगलीहून भाचीचा फोन आला तेव्हा मी सवयीने चष्मा आणि पेन जवळ ओढले. पण ती म्हणाली, "मामा, आपली गिऱ्हाइकं भाड्याच्या घरातून स्वतःच्या घरात न्यायची आहेत. तुम्ही याल का चार-आठ दिवस?"

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, म्हणजे दाजींनी, १९८६ साली सांगलीत यात्रा-सहलींचा व्यवसाय सुरू केला. काशी, रामेश्वर, अष्टविनायक, चारधाम. जाहिरात त्यांनी फारशी कधी केली नाही. त्यांचे सारे भांडवल म्हणजे लाल कापडी बांधणीच्या अकरा वह्या. दर पानावर प्रवाशांची नावे, पत्ते, वये आणि शेवटी एक रुंद रकाना : 'शेरा'. त्यात काय नसे? 'गुडघे दुखतात, खालचा बर्थ.' 'कांदा-लसूण नाही.' 'मुलगा परदेशी, मुक्कामाला पोचल्यावर फोन लावून द्यावा.' एकदा आलेला प्रवासी दाजींकडे पुन्हा पुन्हा का येई, याचे उत्तर त्या रकान्यात होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे पडली आणि पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. हरभट रोडच्या आतल्या बाजूला असलेले दाजींचे ऑफिस चार दिवस पाण्यात होते. पूर ओसरल्यावर गच्चीवर चादरी अंथरून वह्यांची पाने सुटी करून वाळत घातली होती. चिखलाने काही पाने कायमची मिटली. तेव्हाच भाचीने ठरवले, की यापुढे नावे कागदावर ठेवायची नाहीत. वाचलेली पाने टाइप करून तिने सारी यादी 'क्लाउड'वरच्या एका सीआरएम सॉफ्टवेअरमध्ये चढवली.

सीआरएम म्हणजे गिऱ्हाइकांशी असलेला संबंध सांभाळणारी संगणकातली खातेवही. कोण, कुठला, मागे काय घेतले, पुढे काय हवे, हे सारे तिच्यात. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या सेल्सफोर्सने ही वही इंटरनेटवरून भाड्याने देण्याची पद्धत रूढ केली. सॉफ्टवेअर विकत घ्यायचे नाही, आपल्या संगणकात बसवायचे नाही. दरमहा माणशी भाडे भरायचे आणि आपली वही त्यांच्या कपाटात ठेवायची. आपल्याकडे झोहोनेही २००५ पासून अशी सेवा दिली. सोय मोठी आहे, हे मान्य करायलाच हवे. पुराने ज्याचे दप्तर नेले आहे, त्याला आपली वही दूरच्या एखाद्या शहरात सुरक्षित आहे हे ऐकून शांत झोप लागते.

भाचीलाही पाच वर्षे लागली. मग भाडे वाढले, पुन्हा वाढले. दर डॉलरमध्ये, म्हणून रुपया घसरला की आणखी वाढ. ऑफिसात नवा मुलगा ठेवला की त्याचे वेगळे भाडे. शेवटी, जी सोय ती रोज वापरत होती ती वरच्या दराच्या योजनेत गेल्याचे पत्र आले. "पैशांचं सोडा मामा," ती म्हणाली, "पण वही आपली आणि कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे, हे काही बरं नाही."

तिचे म्हणणे मला पटले. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय आपल्याकडे जानेवारी २०११ पासून देशभर झाली. ग्राहकाला सहज सोडून जाता येते म्हटल्यावर कंपन्या ग्राहकाशी जरा जपून वागू लागल्या. क्लाउडमधली वही उचलून दुसरीकडे नेता यावी म्हणून युरोपीय संघाने 'डेटा अ‍ॅक्ट' केला आणि तो १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. सांगलीच्या दुकानदाराला मात्र कराराच्या बारीक अक्षरांत काय लिहिले आहे, तेवढाच आधार.

स्वतःचे घर म्हणजे काय, तेही सांगतो. काही सीआरएम सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली सर्वांना खुली असते. ती कोणीही घेऊन आपल्या संगणकावर बसवू शकतो. शुगरसीआरएम नावाचे असेच एक सॉफ्टवेअर होते. ती कंपनी खुल्या आवृत्तीपासून दूर जाऊ लागली, तेव्हा स्कॉटलंडमधल्या एका छोट्या कंपनीने त्याच खुल्या आज्ञावलीवरून २०१३ मध्ये सूटसीआरएम उभे केले. मालकाचे मन बदलले तरी घर पडत नाही, हा खुल्या आज्ञावलीचा मोठा गुण. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची सॉफ्टवेअरही याच जातीची आहेत. भाचीने सूटसीआरएम निवडले आणि ते मुंबईतल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर बसवून घेतले. म्हणजे जागा अजून भाड्याचीच, पण घर आपले. उद्या जागामालक नको झाला तर घर जसेच्या तसे उचलून दुसऱ्या जागेवर ठेवता येते. लॉजच्या खोलीत आणि यात फरक आहे तो हा.

मला बोलावले होते ते ताळा जुळवायला. मी १९८२ साली बँकेत लागलो. पुढे दुसऱ्या रंगराजन समितीचा अहवाल १९८९ मध्ये आला आणि बँकांच्या संगणकीकरणाने वेग घेतला. आमच्या तालुक्याच्या शाखेत १९९१ मध्ये लेजरवरून मशीनवर खाती नेली गेली, तेव्हा बचत खात्यांचे टेबल माझ्याकडे होते. फरकाला नऊने भाग गेला की दोन आकड्यांची अदलाबदल झाली असावी, ही युक्ती तेव्हाच्या प्रत्येक कारकुनाला पाठ होती. पण नावांची बेरीज कशी करणार?

जुन्या वहीतून यादी बाहेर काढणे हे पहिले काम. ती 'सीएसव्ही' नावाच्या साध्या फाइलमध्ये मिळते. एका ओळीत एक माणूस आणि रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम. पाहायला सोपी, पण भाचीने ती उत्साहाने एक्सेलमध्ये उघडली आणि डोक्याला हात लावला. देवनागरी नावांच्या जागी भलतीच चिन्हे, कारण फाइल युनिकोडमध्ये आहे हे एक्सेलला कळलेच नव्हते. सांगलीचा ०२३३ हा कोड २३३ झाला, कारण संगणकाच्या मते आकड्याच्या आधीच्या शून्याला अर्थ नाही. ९१ धरून बारा आकडी झालेले मोबाइल नंबर ९.१ असे काहीतरी आखूड होऊन बसले, आणि फाइल तशीच जतन केली असती तर शेवटचे आकडे कायमचे गेले असते. ३ ऑगस्टला जन्मलेल्या आजोबांचा वाढदिवस ८ मार्चला जाऊन बसला. स्वल्पविराम आणि नव्या ओळी असलेला एखादा लांब शेरा तर मधूनच तुटून एका माणसाची तीन माणसे करी.

मग आम्ही मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवली. तिला हात लावायचा नाही, असे ठरले. कामाच्या प्रतीत सगळे रकाने 'मजकूर' म्हणून उघडले, आकडा म्हणून नव्हे. मी तिला बँकेतली एक जुनी तपासणी शिकवली. खातेक्रमांकांची बेरीज करायची. तिला स्वतःचा अर्थ काहीच नसतो, पण एक जरी खाते गळले किंवा चुकले तरी ती बोंब मारते. आम्ही दोन्हीकडच्या मोबाइल नंबरांच्या शेवटच्या चार आकड्यांची बेरीज केली. माणसे मोजली. शिंदे आणि सिंदे, देशपांडे आणि 'देशपांडे काका' हे एकच की दोन, याचा निकाल बहिणीने स्वयंपाकघरातून दिला. कोणाची सून कोण, हे कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा तिला जास्त ठाऊक होते.

पाचव्या दिवशी दोनशे नावांची चाचणी झाली. माणसे दोनशेची दोनशे, बेरीज जुळली. भाची खूश, मीही खूश. नवे घर चालते का पाहावे म्हणून तिने त्या दोनशे जणांना नवरात्रातल्या काशीयात्रेचा संदेश पाठवला : 'जोडीने या, सवलत मिळवा.'

अर्ध्या तासात मिरजेहून एका बाईंचा फोन आला. भाचीने फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मीही ऐकले. आवाज शांत होता. "बाळ, आमचे हे काशीहून आल्यावर पंधरा दिवसांनी गेले. मला असले निरोप नकोत, असं तुझ्या वडिलांना मी सांगितलं होतं. त्यांनी माझ्यासमोर लिहून घेतलं होतं."

आम्ही शोधले. जुन्या वहीत 'संदेश पाठवू नये' अशी एक खूण होती. दाजींनी मुलीकडून ती आठवणीने करून घेतली होती. नव्या सॉफ्टवेअरमध्ये रकान्यास रकाना लावताना त्या खुणेला जोडीदार सापडला नाही, म्हणून तिथे 'वगळा' असे निवडले गेले होते. निवडताना मी शेजारी बसलो होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण हीच चूक मी आधी एकदा केली होती.

१९९१ साली लेजरवरून मशीनवर खाती नेताना माझ्या टेबलाचा ताळा पहिल्याच फटक्यात पैशापैशाने जुळला. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. आठव्या दिवशी तीन हजार चारशेचा एक चेक आला आणि वटला. दुसऱ्या दिवशी एक प्राथमिक शिक्षक काउंटरशी उभे राहिले. त्यांचे चेकबुक महिन्यापूर्वी हरवले होते आणि पैसे देऊ नयेत असा अर्ज त्यांनी दिला होता. बँकेचा शिक्का असलेली त्याची प्रत त्यांच्या हातात होती. लेजरच्या पानावर ती सूचना लाल शाईने, समासात लिहिलेली होती. मी रकाने उतरवले, समास उतरवला नाही. मास्तर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, मी तुम्हाला लिहून दिलं होतं." चौकशी होऊन त्यांचे पैसे परत मिळाले, मला मेमो मिळाला. मेमो केव्हाच विसरलो, ते वाक्य विसरलो नाही.

खातेवहीत दोन प्रकारची माहिती असते. एक आपण दुसऱ्याविषयी गोळा केलेली : नाव, नंबर, शिल्लक. दुसरी म्हणजे त्याने आपल्याकडून घेतलेला शब्द. पहिलीचा ताळा जुळवता येतो. दुसरी नेहमी समासात असते आणि स्थलांतरात तीच आधी गळते, कारण ती गळली तरी कुठलीच बेरीज चुकत नाही. आता कायदाही या शब्दाच्या बाजूने आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माणसाला आपली संमती मागे घेण्याचा आणि आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क मान्य केला. पण दाजींना कायदा लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही चाचणीची नावे पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि क्रम उलटा केला. आधी खुणा आणि शेरे, मग नावे. जुन्या वहीतला एकेक रकाना कागदावर उतरवून त्याच्यापुढे तो नव्या घरात कुठे जाणार ते लिहिले. ज्याला जागा नाही त्याच्यासाठी नवा रकाना केला. 'वगळा' हा शब्द वापरायचा असेल तर शेजारी कारण आणि सही. शेरे वाचताना काही पुसलेही. एखाद्याच्या जुन्या आजाराची, घरच्या भांडणाची नोंद दाजींच्या कपाटात ठीक होती. ऑफिसातल्या चार मुलांना ती दिसण्याचे कारण नव्हते. दुसरी चाचणी परक्यांवर न करता घरच्याच दहा नंबरांवर केली.

स्वतःचे घर म्हटले की राखणही स्वतःची आली. कंपनी रात्री जे करत होती ते आता आपण करायचे : सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या वेळेवर बसवणे, पासवर्ड सांभाळणे आणि रोज प्रत काढणे. बॅकअपचा नियम सोपा आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. एक मुंबईच्या सर्व्हरवर, एक सांगलीत दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात डिस्कवर आणि एक, पासवर्डशिवाय न उघडणारी, पुण्यात माझ्याकडे. महिन्यातून एकदा ती उघडून पाहायची, कारण न उघडलेली प्रत ही प्रत नव्हेच. ज्याला हे जमणार नाही, त्याने खुशाल भाडे भरावे. त्यात कमीपणा नाही.

जुने खाते आम्ही लगेच बंद केले नाही. बँकेत मशीन आल्यावरही काही काळ लेजर हाताने लिहीतच होतो. तसेच दोन्ही वह्या महिनाभर समांतर चालवल्या. मग जुन्या कंपनीला सगळी माहिती पुसायला सांगून तसे लेखी घेतले. आपण निघून आलो आणि मागे लोकांची नावे परक्या कपाटात राहिली, तर ते घर बदलणे कसले?

निघण्याआधी भाची मला मिरजेला घेऊन गेली. बाईंनी चहा केला. भाचीने माफी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "चूक कळली ना, झालं." मग थोडे थांबून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी रामेश्वरला जावं म्हणते. एकटीच. पण निरोप पाठवू नकोस. मीच फोन करीन."

गाडीत बसल्यावर भाचीने मोबाइलवर नवी वही उघडली आणि त्यांच्या नावापुढे ते शब्द जसेच्या तसे लिहिले. मग मला विचारले, "मामा, यात अक्षरं लाल कशी करायची?"