दुखीची घडणावळ

सोनगीरच्या बाजारात पितळेचे भांडे घेताना आपण धातूच्या वजनाबरोबर घडणावळही मोजतो. श्रमास मोल असते, हे अर्थशास्त्राचे तत्त्व येथे पुस्तकाविना शिकता येते. तेच तत्त्व निमूटपणे बुडविले जाते, तो व्यवहार सत्यजित राय यांच्या 'सद्गती'त दिसतो. प्रेमचंदांच्या कथेवरून १९८१ मध्ये त्यांनी दूरदर्शनसाठी हा चित्रपट केला.

मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घेण्यासाठी दुखी हा चर्मकार पंडिताच्या दारी जातो. तापातून नुकताच उठलेला, त्यात उपाशी. पंडित त्याला अंगण झाडावयास, भुसा वाहावयास आणि गाठाळ ओंडका फोडावयास लावतो. ओंडक्यापाशीच दुखी प्राण सोडतो. विटाळ नको म्हणून पंडित प्रेताच्या पायास दोर बांधून ते ओढीत नेतो. दुखी ओम पुरी, पंडित मोहन आगाशे. आक्रोश करणारी पत्नी झुरिया म्हणजे आपल्याच महामार्गावरील शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची कन्या स्मिता.

१९७६ च्या कायद्याने कर्जापोटीची वेठ रद्द केली, तशीच रूढीने वा जन्मजातीने लादलेलीही. परंतु दुखीवर कोणी काठी उगारीत नाही. आपण देणे लागतो, असे तो स्वतःच मानतो. अशा समजुतीविरुद्ध फिर्याद कोणी करावयाची?

'एवढे जरा करून दे' असे म्हणताच आपल्या दारी आजही कोणी मुकाट्याने कामास लागतो. तेव्हा भांड्याची घडणावळ मोजणारा आपला हात खिशाकडे जातो काय?