मुंग्या गेल्या, चौकोन आले

पडद्यावर 'मुंग्या येणे' म्हणजे काय, हे दहा वर्षांच्या मुलाला आज समजावून सांगावे लागते, आणि ते सांगता सांगता सांगणाऱ्याच्याच ध्यानात येते की, आपल्या हयातीत एक संपूर्ण यंत्रव्यवस्था, तिच्या मनोऱ्यांसह, तिच्या शब्दांसह आणि तिच्यापायी कौलांवर चढणाऱ्या माणसांसह, निमूटपणे कालबाह्य झाली. रविवारी सायंकाळी चित्रपट ऐन रंगात आलेला असावा, तोच वाऱ्याने छपरावरचा ॲल्युमिनियमचा सांगाडा अंशभर फिरावा, नायकाच्या मुखावर मुंग्यांचे वारूळ फुटावे, आणि मग घरातला एक तरुण वर, दुसरा खिडकीत आणि आजी पडद्यासमोर अशी त्रिस्थळी यात्रा सुरू व्हावी. 'आलं का?' 'आलं! थांब! गेलं!' या संवादात निवाडा देण्याचा अखत्यार आजीकडे असे, आणि तिने 'असू दे, दिसतंय तेवढं पुरे' म्हटले की फिर्याद निकालात निघे. 'दिसतंय तेवढं पुरे' म्हणण्याची ही सोय जुन्या प्रक्षेपणात होती व नव्यात ती उरली नाही. दूरदर्शनच्या उपग्रह-जालाच्या संक्रमणाचा परिचय करून देताना मला प्रथम सांगावयाचे आहे ते हेच.

या जालाचा आरंभ खेड्यापासून झाला, याची आज फारशी आठवण ठेवली जात नाही. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत अमेरिकेच्या 'नासा' संस्थेचा एटीएस-६ हा उपग्रह भारताने वापरावयास घेतला, आणि ओरिसा, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश, आंध्र व कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत, सार्वजनिक जागी मांडलेल्या संचांवर, थेट आकाशातून चित्रे उतरविली. 'साइट' या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. त्यासाठी बनविलेल्या छत्र्यांचा व्यास तीन मीटरांचा होता, आणि त्यांना लावलेली जाळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्याच जातीची होती. महाराष्ट्राचा त्या सहा राज्यांत समावेश नव्हता. आपल्याकडे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले होते, १९७३ मध्ये सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे ते पुण्यात दिसू लागले होते, आणि सह्याद्रीच्या दुमडीत वसलेल्या गावांना मात्र दूरचित्रवाणी ही ऐकीव वार्ता होती. कारण या लहरी सरळ रेषेत जातात, आणि डोंगर आडवा आला की मागच्या गावाचा त्यांना विसर पडतो.

डोंगरावर उपाय एकच, तो म्हणजे डोंगराहून उंच जाणे. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरांवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, सबब तो खालून पाहणाऱ्याला एका जागी खिळल्यासारखा भासतो. एप्रिल १९८२ मध्ये सोडलेला इन्सॅट-१अ त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निकामी झाला. ऑगस्ट १९८३ च्या अखेरीस 'चॅलेंजर' अवकाशयानातून गेलेला इन्सॅट-१ब मात्र टिकला, आणि त्याच्या भरवशावर दूरदर्शनने जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यातालुक्यांत लघुशक्ती प्रक्षेपकांची पेरणी केली. १९८४ मध्ये काही काळ तर दिवसाला एक प्रक्षेपक उभा राहत होता. सरकारी खात्याकडून अशी त्वरा क्वचितच पाहावयास मिळते, म्हणून तिची नोंद करावीशी वाटते. गावाबाहेरच्या टेकडीवर एक बैठी इमारत, अंगणात आकाशाकडे तोंड केलेली मोठी छत्री, आत उपकरणांची दोन-चार कपाटे, बाजूला जनित्र आणि या साऱ्यांवर उभा एक मनोरा, असा त्यांचा थाट असे. छत्रीने दिल्लीचा कार्यक्रम झेलावा व मनोऱ्याने तो आसपासच्या घरांना वाटावा, ही कामाची विभागणी. पुढे अशा लहानमोठ्या प्रक्षेपकांची संख्या १४०० च्या वर गेली.

या सगळ्या व्यवहारात लहरींची जी जात वापरली जात होती तिला ॲनालॉग म्हणतात. 'अनुरूप' हा शब्द तिला शोभतो. चित्रातला उजेड जसा वाढेल वा घटेल, तशी लहर वाढते-घटते किंवा तिची कंप्रता बदलते. ती चित्राची नक्कल असते. नक्कल करणाऱ्या कारकुनाचा हात जिथे थरथरला तिथे अक्षर बिघडते, आणि पुढचा कारकून बिघडलेल्या अक्षराचीच इमानेइतबारे नक्कल करतो. पण असे जीर्ण बाडसुद्धा जाणत्याला लावता येते. जमिनीवरच्या प्रक्षेपणात हा बिघाड मुंग्यांच्या रूपाने दिसे, आणि उपग्रहाकडून थेट उतरविलेल्या चित्रात पांढऱ्याकाळ्या तुटक फराट्यांच्या रूपाने. दोन्हींतून पाहणारा मनाने चित्र पुरे करून घेई.

डिजिटल, म्हणजे अंकीय, पद्धतीत नक्कल नसते, हिशेब असतो. प्रत्येक बिंदूचे तेज अंकांत मांडले जाते आणि आकाशातून केवळ शून्य व एक यांची रवानगी होते. आपल्या जुन्या पेढ्यांवर हुंडी लिहिताना रक्कम अंकी लिहीत आणि पुन्हा अक्षरीही लिहीत, ते अशासाठी की एका ठिकाणी शाई फुटली तर दुसऱ्या ठिकाणावरून रक्कम सिद्ध व्हावी. अंकीय प्रक्षेपणात हीच युक्ती आहे: दर १८८ अक्षरांमागे १६ अधिक अक्षरे जोडली जातात, आणि त्यांच्या साक्षीने, वाटेत आठ अक्षरांपर्यंत घोटाळा झाला तरी घरातला बॉक्स मूळ मजकूर बिनचूक उभा करतो. नऊ अक्षरे बिघडली की मात्र हुंडी परत! बॉक्स अंदाज करीत बसत नाही. म्हणून अंकीय चित्र एक तर निर्मळ दिसते, नाही तर तुटते. मधली पायरी अरुंद आहे, आणि त्या पायरीवर जे दिसते ते चौकोन.

त्या चौकोनांची कुळकथा थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. चित्रशाळेतून निघालेले अंकीय चित्र जसेच्या तसे पाठवावयाचे तर सेकंदाला सुमारे २७ कोटी अंक लागतात. उपग्रहावरच्या एका ट्रान्सपाँडरची, म्हणजे लहर झेलून परत फेकणाऱ्या एका घटकाची, वहनक्षमता प्रचलित मांडणीत सेकंदाला सुमारे ३ कोटी ८० लक्ष अंकांची. अर्थात एक चित्रसुद्धा त्यात मावत नाही. बंगळूरात जन्मलेले नसीर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये एक गणिती रूपांतर प्रसिद्ध केले. चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडावेत, प्रत्येक चौकोनातला संथ बदल आणि बारीक खळबळ वेगवेगळी काढावी, आणि डोळ्याला जी खळबळ जाणवत नाही तिच्यावर अंक खर्चू नयेत, अशी त्या रूपांतरावर पुढे उभारलेली काटकसर आहे. त्यात एका चित्राहून पुढच्या चित्रात जेवढे बदलले तेवढेच पाठवावयाचे, ही दुसरी काटकसर मिळवली की २७ कोटींचे काम ४० लाखांत भागते. म्हणजे ज्या ट्रान्सपाँडरवर पूर्वी एका वाहिनीने ऐसपैस पाय पसरले होते, तिथे आठ-नऊ वाहिन्या दाटीवाटीने बसू लागल्या. हे स्थित्यंतर घडले ते मुळात ट्रान्सपाँडरच्या भाड्यातल्या या बचतीसाठी. चित्र सुंदर झाले हा वरकड लाभ; आणि वाहिन्यांच्या लोभापायी जिथे प्रत्येकीच्या वाट्याचे अंक फारच कातरले जातात तिथे तोही पुरता पदरात पडत नाही, हे क्रिकेटच्या सामन्यात हिरवळीचा शेणसडा झालेला पाहणाऱ्यांना सांगावयास नको.

गंमत अशी की, आकाश अंकीय झाले तरी घराला त्याची खबर बराच काळ लागली नाही. टेकडीवरच्या प्रक्षेपकात जुन्या ग्राहीयंत्राच्या जागी नवे आले, त्याने वरून उतरलेले अंक वाचले, त्यांचे पुन्हा अनुरूप लहरीत रूपांतर केले, आणि मनोरा पूर्ववत मुंग्यांसकट चित्र वाटीत राहिला. केबलवाल्याच्या गच्चीवरही हाच प्रकार होता. वर सोवळे आणि खाली ओवळे, अशी ही व्यवस्था वर्षानुवर्षे चालली.

ती मोडली दोन वाटांनी, आणि त्या दोहोंचा स्वभाव एकमेकींच्या अगदी उलट आहे. १६ डिसेंबर २००४ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दूरदर्शनची 'डीडी डायरेक्ट प्लस' ही सेवा सुरू झाली. आरंभी तीत ३३ वाहिन्या होत्या आणि त्या एनएसएस-६ या उपग्रहावरून येत. पुढे ती इन्सॅट-४ब वर गेली, नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या जीसॅट-१५ वर स्थिरावली, आणि मध्यंतरी तिचे नाव 'डीडी फ्री डिश' झाले. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यावा, मग मासिक वर्गणी नाही. खाजगी वाहिन्या तीत जागा मिळविण्यासाठी लिलावात बोली लावतात. दुसरी वाट कायद्याची: २०११ च्या दुरुस्तीने केबलवरचे प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने अंकीय करण्याचे फर्मान निघाले. मुंबईची मुदत प्रथम ३० जून २०१२ होती, ती ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढली. पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर यांची पाळी ३१ मार्च २०१३ ला आली. आणि उरलेल्या मुलखाची अखेरची मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०१७ वर ठेपली. केबलच्या बॉक्सला स्वतःचा क्रमांक असतो, आणि त्यामुळे केबलवाल्याच्या दप्तरात किती घरे आहेत याची शिरगणती प्रथमच शक्य झाली. कायद्यामागची एक निकड हीच होती. फ्री डिशच्या साध्या बॉक्सला मात्र असे कोणी विचारीत नाही. ती चार कोटींहून अधिक घरांत आहे हा व्यवसायातला अंदाज आहे, आणि तो अंदाजच राहतो, कारण तिथे नाव नोंदवावेच लागत नाही. प्रेक्षकाचे नावगाव न विचारणाऱ्या या सरकारी सेवेविषयी मला, कबूल करतो, अंमळ अधिक ममत्व आहे.

छत्री बसविणाऱ्याचे काम एकदा जवळून पाहावे. घाटाखालच्या एका वाडीत, पडवीच्या खांबाला बोल्टांनी आवळलेली सुमारे साठ सेंटिमीटरांची छत्री, तिच्या पुढे दांड्यावर एलएनबी, म्हणजे लहर टिपणारी डबी, आणि हातात तेरा-चौदाचा पाना घेतलेला विशीतला मुलगा. महाराष्ट्रातून फ्री डिशचा उपग्रह आग्नेयेस, क्षितिजापासून साठ अंशांच्या आसपास दिसतो; पण छत्री तेवढी वर पाहताना दिसत नाही, कारण तिचा पत्रा मुळातच तिरका कापलेला असतो, आणि नवख्याला ती शेजारच्या आंब्यावर रोखल्यासारखी वाटते. मुलाने बॉक्समध्ये '२७५०० सिंबल रेट' हा आकडा मंत्रासारखा भरला. पडद्यावर दोन पट्ट्या होत्या, एक 'स्ट्रेंथ' आणि एक 'क्वालिटी'. पहिली बऱ्यापैकी भरलेली, दुसरी कोरी. 'काका, स्ट्रेंथवर जाऊ नका, ती नुसती वायर लावली तरी येते,' असे म्हणून त्याने छत्री केसभर, खरोखर केसभर, डावीकडे लोटली. काही नाही. पुन्हा लोटली, आणि क्षणभर थांबला. बॉक्सला अंक जुळवावयास तेवढा अवसर लागतो, तो घाईने फिरविणाऱ्याला कधीच मिळत नाही. दुसरी पट्टी एकाएकी साठावर गेली. 'लॉक झालं,' तो म्हणाला, आणि आतून म्हातारीने विचारले, 'सह्याद्री लागतंय का रे बाबा?' ज्या वाडीत मनोऱ्याची लहर डोंगरामुळे कधीच पोचली नव्हती तिथे पहिल्याच दिवशी मुंबईइतकेच स्वच्छ चित्र उमटले. या एका गोष्टीसाठी मी मुंग्यांचा सारा स्मरणरंजनी दावा काढून टाकावयास तयार आहे.

उणे नाही असे नव्हे. लहान छत्रीसाठी ज्या उच्च कंप्रतेच्या लहरी वापरतात त्यांना जाड पावसाचे वावडे आहे; आषाढात कोकणात ढग उतरले की प्रथम चौकोन, मग अडकलेला चेहरा, मग 'नो सिग्नल' ही पाटी. जुन्या मोठ्या छत्र्यांच्या लहरी पावसाला सहसा दाद देत नसत. शिवाय एक संक्रमण पुरते होते न होते तोच दुसरे येते: एमपेग-२ च्या जागी एमपेग-४ ही अधिक काटकसरी मांडणी आली, आणि पहिला बॉक्स तिच्या वाहिन्यांना आंधळा ठरला.

मनोऱ्यांची पाळी सर्वांत शेवटी आली. सामरिक महत्त्वाची सुमारे ५० केंद्रे वगळून उरलेले अनुरूप प्रक्षेपक ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचा निर्णय प्रसार भारतीने जाहीर केला. दिवसाला एक या वेगाने जे उभे राहिले होते त्यांच्या बंद होण्याने फारसा गलबला झाला नाही, कारण पाहणारे केव्हाच छत्रीकडे वळले होते.

जाता जाता छत्रीधारकांना एक सूचना. दरवर्षी मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या आरंभी, थोडे दिवस, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य फ्री डिशच्या उपग्रहाच्या नेमका मागे येतो, आणि त्याच्या ऊष्म गोंगाटात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडून चित्र काही मिनिटे तुटण्याचा संभव असतो. त्या वेळी कोणी वर चढून छत्री हलवू नये. सूर्य आपोआप पुढे सरकतो.